तक्रार आणि नोंद : संगणक-सेवाकक्षाच्या कार्यपद्धतीचे विवेचन

आजच्या कोणत्याही मोठ्या संस्थेचे, मग ते विद्यापीठ असो, बँक असो वा रुग्णालय असो, दैनंदिन काम संगणकावाचून चालत नाही. आणि संगणकाचे काम अडले म्हणजे ते कोणास तरी सांगावे लागते. हे सांगणे ऐकून घेण्यासाठी, त्याची नोंद करण्यासाठी व त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करण्यासाठी संस्थेने नेमलेली जी जागा, तिला 'सर्व्हिस डेस्क' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'सेवाकक्ष' हा शब्द योजिला आहे. विद्यापीठातील अध्यापकांचा व विद्यार्थ्यांचा ह्या कक्षाशी वरचेवर संबंध येतो. परंतु तेथे आपल्या तक्रारीचे नेमके काय होते, ह्याची कल्पना फार थोड्यांना असते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात लक्ष का घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, सेवाकक्षात बिघडलेले यंत्र क्वचितच येते. तेथे येते ते वाक्य. 'नेट गेलंय', 'पासवर्ड घेत नाही', 'नुसतं गोल गोल फिरतंय' अशी वाक्ये कक्षातील कर्मचारी दिवसभर ऐकत असतो. त्यांवरून दूर असलेल्या यंत्राची स्थिती त्याला ताडावयाची असते आणि ऐकलेल्याचे नोंदीत रूपांतर करावयाचे असते. हे रूपांतर नीट झाले तर पुढच्या तंत्रज्ञाचे काम सुकर होते. ते चुकले तर निष्णात तंत्रज्ञही भलत्याच ठिकाणी शोध घेत बसतो. सेवाकक्ष चालविणे हे मुख्यतः तक्रारीचे प्रामाणिक नोंदीत रूपांतर करण्याचे काम आहे, आणि ज्याची तक्रार नोंदीत उतरत नाही त्याची अडचण संस्थेच्या लेखी घडलेलीच नसते, हे ह्या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. पूर्वपीठिका

सेवाकक्षाची आजची परिभाषा मुख्यतः ब्रिटनमधून आलेली आहे. ब्रिटिश सरकारच्या 'सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी' ह्या संस्थेने सरकारी खात्यांतील संगणकव्यवस्था कशी चालवावी ह्याविषयीच्या अनुभवसिद्ध रीतींचा संग्रह करण्याचे काम हाती घेतले आणि १९८९ पासून तो पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागला. 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी' हे त्याचे पूर्ण नाव. आद्याक्षरांवरून त्यास 'आयटिल' म्हणतात. त्याची तिसरी आवृत्ती २००७ साली व चौथी २०१९ साली निघाली. सेवाव्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानकही २००५ साली तयार झाले.

आरंभीच्या पुस्तिकांत ह्या कक्षास 'हेल्प डेस्क' असे म्हटले होते. २००० च्या सुमारास निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत 'सर्व्हिस डेस्क' हे नाव रूढ झाले. हा बदल केवळ नावाचा नाही. मदत ही करणाऱ्याच्या सवडीवर व सद्भावावर अवलंबून असते. ती न मिळाल्यास घेणाऱ्याला हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. सेवा ही आधी कबूल केलेली असते. कोणते काम, किती वेळात व कोणत्या दर्जाचे करून मिळेल हे सेवाकरारात लिहिलेले असते, आणि ते न झाल्यास जाब विचारता येतो. मराठीत 'सेवा' ह्या शब्दास रुग्णसेवा, देशसेवा अशा प्रयोगांमुळे त्यागाचा वास आहे. येथे तो अर्थ बाजूस ठेवून 'करारान्वये देय असलेले काम' हाच अर्थ घ्यावयास हवा.

ह्या पद्धतीचे पहिले सूत्र असे की, तक्रारीस दार एकच असावे. आपल्याकडील कार्यालयांत ह्याच्या नेमका उलट प्रघात दिसतो. काही अडले की 'अमक्याला फोन लाव, तो लगेच करून देतो' असे म्हणतात, आणि तो ओळखीचा मुलगा खरोखरच पाच मिनिटांत काम करून जातो. तक्रार करणाऱ्याच्या दृष्टीने ह्यात काहीच गैर नाही. परंतु अशा कामाची नोंद होत नाही. तोच बिघाड त्याच इमारतीत महिन्यातून दहा वेळा झाला, तरी तो दहा वेळा झाला हे कोणालाही कळत नाही. आणि ज्याची कोणाशी ओळख नाही तो नवा लिपिक किंवा परगावाहून आलेला विद्यार्थी खोळंबून राहतो. एकच दार ठेवण्याचा हेतू शिस्त लावणे हा नसून, सर्वांच्या अडचणी एकाच वहीत येतील व त्यांची तुलना करता येईल हा आहे.

२. चार प्रकारच्या नोंदी

वहीत येणाऱ्या नोंदींचे चार प्रकार मानतात. व्यवहारात त्यांना 'इन्सिडेंट', 'रिक्वेस्ट', 'प्रॉब्लेम' व 'चेंज' असे म्हणतात. येथे त्यांना अनुक्रमे व्यत्यय, मागणी, मूळ दोष व बदल अशी नावे देतो.

चालू असलेली सेवा अनपेक्षितपणे बंद पडणे अथवा तिचा दर्जा घसरणे म्हणजे व्यत्यय. जे नेहमीच्या रीतीने मिळावयाचे आहे ते मागणे म्हणजे मागणी; उदाहरणार्थ, नव्या अध्यापकास ई-मेलचे खाते हवे असणे. आयटिलच्या दुसऱ्या आवृत्तीत मागण्यांची व्यवस्था व्यत्ययांबरोबरच होत असे. २००७ च्या आवृत्तीत त्या वेगळ्या काढल्या. ते योग्यच झाले. कारण मागणीत काही बिघडलेले नसते, आणि दोन्ही एकाच ढिगात टाकल्यास खरा बिघाड किती हे समजेनासे होते. एका वा अनेक व्यत्ययांच्या मुळाशी असलेले कारण म्हणजे मूळ दोष, आणि तो दूर करण्यासाठी व्यवस्थेत जो फेरफार करावयाचा तो बदल.

ह्यांतील व्यत्यय व मूळ दोष ह्यांचा भेद सर्वांत महत्त्वाचा असून तोच वरचेवर पुसला जातो. त्याचे अलीकडचे व जगास ठाऊक असलेले उदाहरण १९ जुलै २०२४ ह्या दिवशीचे आहे. त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी 'क्राउडस्ट्राइक' ह्या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षाप्रणालीसाठी एक लहानशी फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर पाठविली. ती पोहोचताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत, कंपनीने ती फाइल मागे घेतली. परंतु जे संगणक बंद पडले होते ते सुरूच होत नसल्यामुळे दुरुस्त फाइल स्वीकारू शकत नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना ह्याचा फटका बसला. हे प्रमाण विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होते. तरीही विमानसेवा, बँका व रुग्णालये विस्कळीत झाली, आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

त्या दिवशी जगभरच्या सेवाकक्षांत एकाच अर्थाचे फोन येत होते. प्रत्येक फोन हा एक व्यत्यय होता. त्यावरील उपाय असा की, संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू करावा, ती सदोष फाइल पुसून टाकावी व संगणक पुन्हा सुरू करावा. ज्या संगणकातील साठा 'बिटलॉकर'ने कुलूपबंद होता, तेथे आधी ४८ आकड्यांची किल्ली भरावी लागे. ती फोनवरून एकेक आकडा सांगून उतरवून देणे हेही कक्षाचेच काम झाले. एवढे केले की व्यत्यय संपे. परंतु मूळ दोष निराळाच होता. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कारणमीमांसेनुसार, नव्या मजकुरात एकविसाव्या मूल्याशी तुलना करण्यास सांगितले होते, प्रत्यक्षात प्रणालीला मूल्ये मात्र वीसच पुरविली जात होती. अस्तित्वात नसलेले एकविसावे मूल्य वाचावयास गेल्यामुळे प्रणाली कोसळली. ही विसंगती दूर करणे आणि पुढील फाइली एकदम सर्वत्र न पाठविता टप्प्याटप्प्याने पाठविणे, हा बदल झाला.

कक्षाच्या दृष्टीने ह्यातील बोध असा : शंभर फोन आले म्हणजे शंभर स्वतंत्र कोडी सोडवावयाची नसतात. दहाव्या फोनच्या आतच कोणीतरी 'हे सगळे एकच आहे' असे ओळखून एक मुख्य नोंद करावी, बाकीच्या नोंदी तिला जोडाव्यात आणि फोन करणाऱ्यास उचलताक्षणी 'बिघाड माहीत आहे, काम चालू आहे' असे सांगावे. हे ओळखणे सर्वस्वी नोंदींच्या शब्दांवर अवलंबून असते. एकाने 'निळी स्क्रीन' लिहिले, दुसऱ्याने 'पीसी चालू होत नाही' लिहिले व तिसऱ्याने नुसतेच 'हार्डवेअर' लिहिले, तर तीन नोंदींतील साम्य वहीवरून कोणास दिसणार?

३. वाक्यापासून नोंदीपर्यंत

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुढील तीन वाक्ये पाहावीत :

(अ) फाइल उघडत नाही.
(आ) मला फाइल उघडता येत नाही.
(इ) मला फाइल उघडू देत नाही.

इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या तक्रार-अर्जात ह्या तिन्हींसाठी 'फाइल उघडण्यास असमर्थ' अशा अर्थाचा एकच पर्याय असतो. मराठी बोलणारा मात्र तिन्हींत भेद करतो. पहिल्या वाक्यात दोष फाइलकडे अथवा ती उघडणाऱ्या प्रणालीकडे दिलेला आहे. दुसऱ्यात बोलणारा आपल्या ज्ञानाची वा साधनाची उणीव सुचवितो. कदाचित त्याच्या संगणकावर योग्य ती प्रणालीच नसेल. तिसऱ्यात कोणीतरी अडवीत असल्याचा भाव आहे. तेथे प्रश्न परवानगीचा असण्याचा संभव अधिक. तिन्हींवरील उपाय निरनिराळे असून ते करणारी माणसेही बहुधा निरनिराळी असतात. बोलणारा प्रत्येक वेळी तोलूनमापून क्रियापद निवडतो असे नाही. म्हणून वाक्यरचना हा पुरावा न मानता सूचना मानावी आणि पुढचा प्रश्न तिच्या रोखाने विचारावा. परंतु नोंद करणाऱ्याने तिन्ही वाक्ये एकाच साच्यात ओतली, तर ती सूचना कायमची नाहीशी होते. म्हणूनच वर्गीकरण काहीही केले, तरी तक्रार करणाऱ्याचे मूळ वाक्य नोंदीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे, असा नियम असावयास हवा.

दुसरी गोष्ट कर्त्याची. 'मी फाइल डिलीट केली', 'माझ्या हातून फाइल डिलीट झाली', 'फाइल डिलीट झाली' आणि 'फाइल गेली' ह्या चार वाक्यांत कर्ता क्रमाक्रमाने मागे सरत जाऊन शेवटी दिसेनासा होतो. इंग्रजी क्रियाशब्दांना 'करणे' व 'होणे' ही दोन्ही क्रियापदे जोडण्याची मराठीत सोय असल्यामुळे हे मागे सरणे फार सहज होते. दोष आपल्यावर येईल ही भीती जितकी अधिक, तितका कर्ता अधिक दूर. ह्यात लबाडीपेक्षा संकोचच जास्त असतो. अशा वेळी 'तुम्ही काय केलंत?' हा प्रश्न विचारल्यास उत्तर हटकून 'काही नाही' असेच येते. त्याऐवजी 'सर, त्याच्या आधी स्क्रीनवर काय दिसत होतं?' किंवा 'मॅडम, शेवटचं काम कोणतं चाललं होतं?' असे विचारले की घडलेला क्रम आपोआप बाहेर येतो. उत्तम सेवाकक्षातील अनुभवी माणसे हे व्याकरण न शिकताच जाणतात. नव्या माणसास ते शिकवावे लागते, आणि यंत्रविद्येच्या प्रशिक्षणात त्यासाठी तासभरही राखलेला नसतो ही उणीव आहे.

तिसरी गोष्ट लक्षणेची. 'नेट गेलं' ह्या वाक्याचा अर्थ वाय-फाय तुटले, केबल निघाली, संकेतस्थळच बंद आहे, अथवा पासवर्डची मुदत संपली, ह्यांपैकी काहीही असू शकतो. 'सर्व्हर डाऊन आहे' ह्या वाक्याची गत तर आणखी निराळी आहे. महाराष्ट्रात खिडकीपलीकडील माणूस ते खिडकीअलीकडील माणसास ऐकवितो. ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहता येत नाही आणि त्यावर पुढे बोलताही येत नाही. मूळच्या तांत्रिक विधानास अशा रीतीने नकाराचे कार्य प्राप्त झालेले आहे. म्हणून नोंद करणाऱ्याने नावावर न थांबता चार साधे प्रश्न विचारावेत : नेमके काय करू जाता अडले, पडद्यावर कोणती अक्षरे आली, केव्हापासून, आणि शेजारच्या टेबलावरही तसेच होते काय. चौथ्या प्रश्नाच्या उत्तराने एकाच यंत्राचा बिघाड व सर्वांचा बिघाड हे बहुधा तेव्हाच वेगळे होतात.

हाच विचार कक्षाच्या माहितीसंग्रहासही लागू आहे. वारंवार येणाऱ्या अडचणींवरील उपाय लिहून ठेवलेले असतात, ते वापरणाऱ्याने स्वतः शोधावेत अशी अपेक्षा असते. परंतु टिपणाचे शीर्षक 'प्रमाणीकरण अयशस्वी झाल्यास करावयाची कार्यवाही' असे असेल, तर 'पासवर्ड घेत नाही' एवढेच ज्याला म्हणता येते त्याला ते कधीच सापडणार नाही. शीर्षक वापरणाऱ्याच्या वाक्यात द्यावे, उपाय तंत्रज्ञाच्या अचूकतेने लिहावा. आज पुष्कळ ठिकाणी तक्रारीचे पहिले वाचन व वर्गीकरण संगणकीय प्रणालीच करते. तिलाही जी वाक्ये शिकविली असतील तीच ओळखता येणार. नोंदींत लोकांची मूळ वाक्ये जपून ठेवली नसतील, तर ती शिकविणार तरी कशावरून?

४. ओळख पटविणे

भाषेवर चालणाऱ्या ह्या व्यवहाराचा एक धोकाही सांगावयास हवा. १५ जुलै २०२० रोजी 'ट्विटर' ह्या नावाने तेव्हा चालणाऱ्या माध्यमातील अनेक सुप्रसिद्ध व्यक्तींची खाती परक्यांच्या हाती गेली. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तसेवा विभागाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेल्या चौकशी-अहवालानुसार, हल्लेखोरांनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फोन केले व आपण कंपनीच्याच हेल्प डेस्कमधून बोलत असून तुमच्या व्हीपीएनच्या तक्रारीसंबंधी फोन केला आहे, असे भासविले. घरून काम करण्याच्या त्या दिवसांत व्हीपीएनच्या तक्रारी नित्याच्याच असल्यामुळे काहींना ते खरे वाटले. यंत्राचे कुलूप न फोडता सेवाकक्षाची भाषा हुबेहूब बोलून हे साधले होते.

ह्यावरून दोन नियम निघतात. कक्षाने कोणाचाही पासवर्ड कधीच विचारू नये, आणि तो विचारत नाही हे सर्वांना पाठ असावे. त्याचप्रमाणे पासवर्ड बदलून मागणाऱ्याची ओळख आवाजावरून, पदावरून वा घाईवरून न ठरविता आधी ठरलेल्या रीतीनेच पटवावी. 'मी कोण बोलतोय, माहीत आहे ना?' ह्या वाक्याने जो कक्ष दबतो, तो कोणाचेच रक्षण करू शकत नाही.

५. अग्रक्रम आणि मनुष्यबळ

सर्व तक्रारी एकाच वेळी हाताळता येत नाहीत. तेव्हा आधी कोणती, हे ठरवावे लागते. त्यासाठी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात : किती जणांचे काम अडले, ही व्याप्ती, आणि किती वेळ थांबता येईल, ही निकड. दोन्हींच्या मेळातून अग्रक्रम ठरतो. विभागप्रमुखांच्या खोलीतील प्रिंटर बंद पडला आणि त्याच वेळी परीक्षा-अर्जाच्या शेवटच्या दिवशी शुल्क भरण्याच्या खिडकीवरील प्रिंटर बंद पडला, तर दुसऱ्याचा अग्रक्रम वरचा, हे कागदावर कोणीही मान्य करील. प्रत्यक्षात पहिल्या खोलीकडे माणूस आधी धावतो. पद म्हणजे व्याप्ती नव्हे, हे सांगण्याचे बळ कक्षप्रमुखाकडे असावयास हवे, आणि ते बळ वरिष्ठांनी लेखी दिल्याखेरीज त्याच्याकडे येत नाही.

माणसे किती असावीत ह्याचे गणित डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग ह्यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना मांडले. १९०९ च्या निबंधात त्यांनी फोनचे येणे कोणत्या संभाव्यता-नियमास अनुसरते हे दाखविले, आणि १९१७ मध्ये प्रतीक्षेची सूत्रे दिली. समजा, एका कक्षात तासाला सरासरी २० फोन येतात व प्रत्येकास सरासरी ६ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला १२० मिनिटांचे काम झाले. दोन माणसे पुरावीत असे वाटते. परंतु फोन सारख्या अंतराने येत नाहीत. दोनच माणसे ठेवल्यास रांग वाढतच जाते. तीन ठेवल्यास शंभरांतील सुमारे ४४ जणांना थांबावे लागते व सर्वांची सरासरी प्रतीक्षा २ मिनिटे ४० सेकंद येते. चार ठेवल्यास सुमारे १७ जणांनाच थांबावे लागते व सरासरी प्रतीक्षा ३१ सेकंदांवर उतरते. फोन करणारा मध्येच फोन ठेवून देत नाही, असे ह्या हिशेबात गृहीत धरलेले आहे.

चार माणसांच्या कक्षात सरासरीने निम्मा वेळ हात मोकळे दिसतील, आणि काटकसरीच्या नजरेस ते दोन माणसांचे वाया गेलेले पगार वाटतील. परंतु तो मोकळेपणा म्हणजेच सेवेची तत्परता होय. परीक्षा-अर्जाच्या शेवटच्या दिवशी फोन तासाला ४० झाले, तर ह्याच चार माणसांना क्षणाचीही उसंत राहत नाही व रांग पुन्हा वाढतच जाते. शिवाय मनुष्यबळ अपुरे पडले की पहिला बळी नोंदीचा जातो. रांग दिसत असताना मूळ वाक्य उतरवून घेण्यास व चार प्रश्न विचारण्यास कोण थांबेल?

६. 'बंद' म्हणण्याचा अधिकार

प्रत्येक नोंद केव्हातरी बंद करावयाची असते, आणि कक्षाचे मोजमाप बहुधा त्यावरून होते : पहिल्याच फोनमध्ये किती तक्रारी मिटल्या, किती वेळात मिटल्या, किती मुदतीत मिटल्या. मोजमाप आवश्यक आहेच. परंतु जे मोजमाप स्वतःच उद्दिष्ट बनते ते मोजण्यास निरुपयोगी होऊ लागते, ह्या अर्थाचा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट ह्यांनी १९७५ साली चलनधोरणाच्या संदर्भात मांडला होता, तो येथेही तंतोतंत लागू पडतो. तक्रार करणाऱ्यास एखादा किरकोळ प्रश्न विचारून नोंद 'उत्तराच्या प्रतीक्षेत' अशी ठेवली की मुदतीचे घड्याळ थांबते. त्याने तीन दिवसांत उत्तर दिले नाही की नोंद आपोआप बंद होते. तक्रार पुन्हा आली की तिला नवा क्रमांक मिळतो, आणि जुनी तक्रार मुदतीत मिटल्याचे श्रेय कायम राहते. ह्या व्यवसायात अशा अहवालास 'कलिंगड' म्हणतात : बाहेरून हिरवे, कापल्यावर लाल.

हे पकडण्याचे एक साधे साधन आहे. जॉन लिटल ह्यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर परिस्थितीत उघड्या नोंदींची सरासरी संख्या ही रोज येणाऱ्या नोंदी व प्रत्येकीचा सरासरी मुक्काम ह्यांच्या गुणाकाराइतकी असते. रोज ३० तक्रारी येतात व वहीत नेहमी १२० उघड्या दिसतात, तर प्रत्येक तक्रार सरासरी चार दिवस राहते. अहवालात 'सरासरी एक दिवस' असे लिहिले असेल, तर घड्याळ कोठेतरी थांबविले जात आहे, हे निश्चित.

भाषेच्या दृष्टीने पाहता ह्या प्रश्नाचे मूळ अधिक स्पष्ट होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविले की, काही उक्ती घडलेल्याचे वर्णन करीत नाहीत; त्या उच्चारण्यानेच गोष्ट घडते. मात्र ती घडण्यासाठी उच्चारणाऱ्यास तसा अधिकार असावा लागतो. 'प्रिंटर चालत नाही' हे वाक्य रूपाने विधान आहे, कार्याने विनंती आहे. 'आपली तक्रार नोंदविली आहे' ह्या उत्तराने एक बांधिलकी उत्पन्न होते. 'नोंद बंद केली' ह्या उक्तीने नोंद खरोखरच बंद होते. परंतु प्रिंटर त्या उक्तीने चालू होत नाही. तंत्रज्ञास 'मी उपाय केला' असे म्हणण्याचा अधिकार आहे. 'अडचण संपली' असे म्हणण्याचा अधिकार ज्याची अडचण होती त्याचाच. म्हणून बहुतेक प्रणालींत 'उपाय झाला' व 'बंद' ह्या दोन स्वतंत्र अवस्था ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यामधील अंतर तक्रार करणाऱ्याच्या होकाराने भरावयाचे असते. मौनास होकार मानणे सोयीचे असले, तरी मौनाची कारणे पुष्कळ असतात. कित्येकदा माणूस कंटाळून गप्प बसतो, कित्येकदा ओळखीच्या मुलास फोन लावतो, आणि कित्येकदा पाठविलेले इंग्रजी पत्रच त्याला नीट कळलेले नसते.

उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. सेवाकक्षास चांगली प्रणाली, पुरेशी माणसे व स्पष्ट करार हे सर्व हवे; परंतु त्या सर्वांचा पाया म्हणजे नोंद, आणि नोंदीचा पाया म्हणजे लक्षपूर्वक ऐकलेले वाक्य. मूळ वाक्य जपले तर एकाच्या तक्रारीवरून शंभरांचा दोष सापडतो. ते गमावले तर शंभर जण वेगवेगळे कुढत बसतात आणि संस्थेच्या अहवालात सर्व काही सुरळीत दिसते. ह्यात सर्वाधिक नुकसान त्यांचे होते, ज्यांना आपली अडचण कक्षाच्या भाषेत मांडता येत नाही : कार्यालयातील जुने लिपिक, ग्रामीण भागातून प्रथमच आलेले विद्यार्थी, फोनवर इंग्रजी ऐकताच बिचकणारी माणसे.

ह्या कामी आपल्यासारख्या वापरणाऱ्यांचाही वाटा आहे. तक्रार ओळखीच्या मार्गाने न नेता दारातून न्यावी, पडद्यावरील अक्षरे जशीच्या तशी सांगावीत, हातून काही घडले असल्यास ते निःसंकोच सांगावे, आणि काम झाले नसेल तर 'बंद' ह्या शिक्क्यास नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्यावा. भाषेच्या विद्यार्थ्यास तर येथे अभ्यासाचे एक मोठे क्षेत्र उघडे आहे. लोक यंत्राविषयी रोज जे बोलतात ते सेवाकक्षांच्या वह्यांत साठत असते. नावे व ओळखीच्या खुणा वगळून त्या वाक्यांचा पद्धतशीर संग्रह व वर्गीकरण झाल्यास मराठीच्या वाक्यविचारास नवी सामग्री मिळेल, आणि तक्रार करणाऱ्या माणसाचे म्हणणे कक्षाला अधिक नीट कळेल.